प्रतिसाद: मेट्रो आली, मग बस कशाला?

वर एकांनी विचारलंय, "पुण्यात मेट्रो आली, आता बसवर पैसे कशाला घालवायचे?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. मेट्रो मंडईपर्यंत आणते, पण मंडईतून घरी कोण नेणार?

29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मी मंडईला गाडी नेणं सोडलं. गेल्या शनिवारी सरकत्या जिन्यावर माझ्यापुढे एक आजी होत्या. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून लाल भोपळ्याची फोड डोकावत होती. "वर गेल्यावर परत रिक्षाच," असं पुटपुटत होत्या. मेट्रोच्या तिकिटापेक्षा रिक्षाचे जास्त जाणार, हे त्यांचं गणित पक्कं होतं.

जून 2025 पासून पीएमपीचं (म्हणजे पुण्याच्या शहर बसचं) किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. डिझेल, सुटे भाग, पगार, सगळं मान्य. पण दोन थांब्यांसाठी दोघांना वीस रुपये पडले की माणूस स्कूटरला किक मारतो. (हो, बटणाच्या काळातही आमच्याकडे 'किक'च मारतात.)

आणि पार्किंगचं काय? 2018 साली महापालिकेत सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर झालं, ते घोंगडं अजून भिजतंय. रस्त्यावर गाडी फुकट उभी राहणार असेल तर बसमध्ये कोण लोंबकळेल? आधी मेट्रो-बस मिळून एकच तिकीट द्या, मग नव्या मार्गिकांची भूमिपूजनं करा.