समुपदेशकाने गोपनीयता पाळल्यास गाव सुरक्षित होते की असुरक्षित?

प्रश्न : शिक्षक, अंबाजोगाई तालुका
आमच्या गावी महिन्यातून एकदा शाळेत समुपदेशक बोलावण्याचा विचार चालू आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, दारू पिऊन घरात मारहाण करणारा माणूस तिथे जे बोलेल ते गावाला कळलेच पाहिजे. मला हे पटत नाही. परंतु त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : समुपदेशक, लातूर
आपले बोलणे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचणार, अशी शंका आली की असा माणूस येतच नाही आणि मारहाण मात्र चालू राहते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि दुसऱ्या व्यक्तीला इजा किंवा हिंसेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारकच आहे. या मर्यादा पहिल्याच भेटीत, बोलणे सुरू होण्याआधी, समोरच्याला स्पष्ट सांगाव्या लागतात. नंतर सांगणे म्हणजे फसवणूक होय.

मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवू नये, कारण तिथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिला स्वतंत्रपणे भेटावे आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग समजावून सांगावा. माझ्याकडे एकदा सोयऱ्यांपैकीच एक जण आले होते. मी त्यांना दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवले, याचा त्यांना रागही आला. पण लग्नकार्यात ज्याच्याशी गाठ पडणार, त्याच्यापुढे माणूस मन मोकळे करू शकत नाही.

उत्तर : आशा कार्यकर्ती, धाराशिव जिल्हा
शाळेऐवजी आरोग्य उपकेंद्र निवडावे आणि तेही लसीकरणाच्या दिवशी. तिथे कोण कशासाठी आले, हे कोणी विचारत नाही. बायका तर बाळाला घेऊन सहज येतात. मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

प्रश्नकर्ता
उपकेंद्राचे मला सुचलेच नव्हते. कलम २३ मधील हक्क आणि अपवाद, दोन्ही मराठीत लिहून मी ग्रामसभेत वाचून दाखवीन. आलेल्यांच्या नावांची वही ग्रामपंचायतीत ठेवावी, असाही एक प्रस्ताव आहे. त्याला माझा विरोध राहील.