मदत हवी आहे: झोन रीडवर मुलगा कड सोडतो

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा दहावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या रांगेत कडेला उभा राहणारा. वेग भरपूर, पण झोन रीडवर दर वेळी फसतो. म्हणजे ती चाल, ज्यात क्वार्टरबॅक (चाल चालवणारा) कडेच्या बचावपटूकडे बघून ठरवतो की चेंडू रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) द्यायचा की स्वतः पळायचं. समोरचा टॅकल (त्याला अडवू शकणारा खेळाडू) त्याला न अडवताच आत निघून जातो, वाट मोकळी दिसली की हा थेट रनिंग बॅकवर झेपावतो, आणि क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून ह्याने सोडलेल्या कडेने पळतो. आपल्याला मुद्दाम मोकळं सोडतात हे त्याला कळतं, पण पाय ऐकत नाहीत. कोच सांगतात, खांदे चाल जिथून सुरू होते त्या रेषेला समांतर, बाहेरचा हात मोकळा, आडवं सरकत राहा. बॅकयार्डमध्ये आम्ही दोघंच असतो. मी क्वार्टरबॅक झालो तर रनिंग बॅकशिवाय हा सराव कसा घ्यावा? कुणाची मुलं ह्या जागेवर खेळली असतील तर कृपया सांगा. शुक्रवारी सामना आहे, पोरगा फार खचलाय.