शब्दचर्चा: 'लीज अँड लीफ' म्हणजे भाडेपट्टा आणि पान?

बोरूबहाद्दर:
फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्रजी बँडच्या लोकगीतांच्या अल्बमवर टिपण लिहितोय. डिसेंबर १९६९चा अल्बम, नाव 'लीज अँड लीफ'. देवनागरीत लिहिलं की घरमालकाचा भाडेपट्टा आणि झाडाचं पान वाटतं! कोशात पाहिलं तर पहिल्याला 'सरंजामी स्वामी' आणि दुसऱ्याला 'खुशीने'. 'स्वामी आणि खुशीने' हे काय शीर्षक झालं?

जुनी दौत:
'लीज' वरच्यालाही लागतो आणि खालच्यालाही. लीज-लॉर्ड म्हणजे ज्याच्याशी इमान राखायचं तो धनी, लीजमन म्हणजे ते राखणारा चाकर. शेक्सपिअरच्या नाटकांत राजाला 'माय लीज' म्हणतात, म्हणून धनीच तेवढा डोक्यात बसतो. दोघांना पुरेल असा आपला शब्द 'इमान'.

'लीफ' मात्र फार गोड शब्द. जुन्या इंग्रजीत 'लेओफ' म्हणजे प्रिय. जर्मनमधला 'लीब' त्याचाच भाऊबंद, आणि तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीतला 'लव्ह' याच घरातला. आणि संस्कृत 'लुभ्' धातूही त्याच मुळाचा. म्हणजे हा लीफ आपल्या 'लोभा'चा लांबचा चुलतभाऊ!

रानजाई:
पण काका, लोभ म्हणजे हाव ना? अल्बमला 'लोभ' नाव दिलं तर लोक विचारतील, गायकांनी पैसे किती मागितले?

जुनी दौत:
अगं, पत्राच्या शेवटी आम्ही काय लिहायचो? 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.' तिथे कोण कुणाकडे हाव मागतंय? मराठीने हावेबरोबर मायेचा अर्थही जपलाय. म्हणून मी म्हणतो, 'इमान आणि लोभ'.

बोरूबहाद्दर:
अनुप्रास गेला, पण अर्थ चपखल! त्यातल्या 'मॅटी ग्रोव्ह्ज'ला तर फारच. लॉर्डची बायको मॅटीला घरी नेते, ते ऐकून एक नोकर धन्याला सांगायला धावतो. लॉर्ड मॅटीला मारतो आणि बायकोला विचारतो, आता तुला कोण आवडतो? ती म्हणते, तुझ्यापेक्षा मेलेला मॅटी बरा. नोकराचं इमान, बाईचा लोभ. (पुढे तीही मारली जाते.) याला पोवाडा म्हणू का?

जुनी दौत:
नको. अ‍ॅक्वर्थसाहेबाने १८९४ साली आपल्या पोवाड्यांच्या इंग्रजी भाषांतराला 'बॅलड्स ऑफ द मराठाज' नाव दिलं, तेव्हापासून ही जोडी चिकटली आहे. पण पोवाड्यात पराक्रम गायचा, आणि बहुतेकदा शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. इथे पराक्रम कसला, घरातली भानगड! शिवाय रचणाऱ्याचा पत्ता नाही. 'कथागीत' लिहा.

रानजाई:
अशा गाण्यांच्या श्रेयात 'ट्रॅड. अ‍ॅर.' असतं, त्याचं काय करायचं?

जुनी दौत:
'ट्रॅड.' म्हणजे पारंपरिक. आपल्याकडेही कवीच्या जागी तेच छापतात. 'अ‍ॅर.' म्हणजे त्या गाण्याला साज कुणी चढवला ते. सिनेमावाल्यांचा 'संगीत संयोजन' त्याला चालतो. 'संगीत' एवढंच लिहाल तर चाल त्याच्या नावावर जाईल.

कोरा कागद:
मध्येच बोलतो. अल्बममधल्या आठांपैकी तीन गाणी बँडमधल्यांनी नव्याने रचलेली आहेत, तेव्हा सगळ्यांना पारंपरिक म्हणू नका. आणि 'टॅम लिन' स्कॉटलंडच्या सीमाभागातलं, म्हणून 'इंग्लंडची लोकगीतं' असंही नको.

बोरूबहाद्दर:
दुरुस्त करतो. टिपणाच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिलं, तर आता रानजाई हिशेब मागणार नाही ना?