सर्फिंग शाळा काढायची आहे: किनारा शिकवण्याजोगा आहे हे कसं ठरवायचं?

पुळण:
टोकियोला २०२१ मध्ये सर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, २०२४ मध्येही होतं. किनाऱ्यावर येणारे पर्यटक आता बोर्ड भाड्याने मिळतो का, कुणी शिकवतं का, असं विचारतात. नवशिक्यांसाठी शाळा काढायचा विचार आहे, सुरुवात २० बोर्डांनी. किनारा योग्य आहे हे कसं ओळखायचं? २० जण एकाच वेळी पाण्यात चालतील का? आणि बोर्ड कोणते घ्यावेत?

मतलई:
लाटेची उंची सगळे बघतात, पण त्याआधी आवर्तनकाळ बघा. एका लाटेचा माथा गेल्यावर पुढचा माथा यायला किती सेकंद लागतात, तो आवर्तनकाळ. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर या सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. ७ सेकंदांची लाट भरते साधारण ७६ मीटर, १४ सेकंदांची ३०० मीटरच्या पुढे. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला लागतो. म्हणून लांब लाट दूरवरूनच तळाच्या आकाराप्रमाणे वळते, किनाऱ्याशी येताना जास्त उभी राहते आणि जोराने फुटते. अंदाजात "१ मीटर" लिहिलेले दोन दिवस पाण्यात अगदी वेगळे निघतात ते यामुळे.

लाट फुटते तिच्या उंचीच्या सुमारे १.३ पट खोलीवर. म्हणजे १ मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात, मोठ्या माणसाच्या छातीशी. तळाचा उतार सौम्य असेल तर माथ्यावरून फेस घरंगळत येतो आणि बरंच अंतर ढकलत नेतो; शिकवायला हीच लाट हवी. उतार तीव्र असेल तर तीच लाट एकदम कोसळते. भरतीच्या वेळी पाणी किनाऱ्याच्या उभ्या भागापर्यंत चढतं आणि सौम्य किनाराही काही तास असाच आपटायला लागतो. त्यामुळे एका सकाळच्या पाहणीवर निर्णय घेऊ नका. किमान १५ दिवस बघा, म्हणजे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही हाती येतील. रोज भरती, ओहोटी आणि मधली वेळ, तिन्हींना २० मिनिटं उभं राहून नोंद करा: किती लाटा आल्या, कुठे फुटल्या, फेस किती अंतर चालला. हंगाम बदलला की हीच नोंद पुन्हा.

वारा सकाळचा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचा पुढचा भाग धरून ठेवतो, पाणी गुळगुळीत राहतं. दुपारी खारा वारा सुटला की लाट वेळेआधीच विस्कटते. शिकवणीच्या वेळा यावर ठरवा, पर्यटकांच्या नाश्त्यावर नाही.

लाल_पिवळा:
२० जण एकदम नाही. हिशोब असा: ८ फुटी बोर्ड म्हणजे २.४ मीटर, त्याला तेवढीच लांब लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी. शिकणारा पडला की बोर्ड त्याच्यापासून जवळजवळ ५ मीटरपर्यंत भिरकावला जाऊ शकतो. म्हणून दोघांमध्ये ५ मीटर हे कमीत कमी. आठ जणांच्या एका गटाला निदान ४० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा लागतो, त्यात पोहणारं कुणी नको. एका प्रशिक्षकामागे आठच्या वर विद्यार्थी घेऊ नयेत, लाट कंबरेच्या वर असेल तर चार-पाचच. तुमच्याकडे दोन प्रशिक्षक असतील तर १६ ही कमाल, तीही ८० मीटर सुरक्षित पट्टा असेल तरच.

या पट्ट्यात रिप करंट कुठे आहे ते आधी शोधा. दोन वाळूच्या दांड्यांमधल्या खाचेतून पाणी परत समुद्राकडे ओढलं जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि जरा गढूळ दिसतं, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा सोयीची समजतो. ही खाच महिनोन्महिने एका जागी राहीलच असं नाही, म्हणून रोज पाण्यात उतरण्याआधी उंचावरून बघणं भाग आहे. विद्यार्थ्याला वाळूवरच सांगा: ओढले गेलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे हात मारत दमू नका, एक हात वर करून खूण करा, आणि जमेल तसं आडवं, फेस दिसतो त्या बाजूला सरका.

लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहणाऱ्यांचा, काळे-पांढरे चौकोन असलेला झेंडा बोर्डवाल्यांचा. आणि बोर्डवरून उतरताना सूर मारायचा नाही, सपाट अंगाने पडायचं, दोन्ही हात डोक्यावर. कमी पाण्यात सूर मारल्याने मानेला होणारी इजा हा या खेळातला सगळ्यात टाळता येणारा अपघात आहे.

फिनवाला:
बोर्ड मऊ फोमचेच. १६ विद्यार्थ्यांसाठी २० बोर्ड बरोबर आहेत, चार राखीव हवेतच. १२ बोर्ड ८ फुटी (साधारण ७५ ते ९० लिटरचे), ५ बोर्ड ९ फुटी, ३ मुलांसाठी ७ फुटी. बारीक, टोकदार बोर्ड दिसायला छान असतो, पण नवशिक्याला त्यावर पोटावर पडून राहणंही जमत नाही आणि पर्यटक दुसऱ्या दिवशी येत नाही.

हा खेळ एवढा पसरला तो बोर्ड हलका आणि सोपा होत गेल्याने. हवाईचे सर्फर ड्यूक कहानामोकू १९१२ मध्ये पोहण्याचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकून नंतर ऑस्ट्रेलियात प्रात्यक्षिकं देत होते, तेव्हा बोर्ड भरीव लाकडाचे होते. फोम, लीश आणि ऑस्ट्रेलियाचे सर्फर सायमन अँडरसन यांचा १९८१ मध्ये गाजलेला तीन फिनांचा (बोर्डाखालच्या कल्ल्यांचा) बोर्ड, या टप्प्यांनी तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. लीश नसती तर प्रत्येक पडण्यानंतर किनाऱ्यापर्यंत पोहत जावं लागलं असतं.

लीश बोर्डाच्या लांबीइतकी घ्या. आखूड असेल तर ताणून बोर्ड डोक्यावर परत येतो. लीश बोर्डाला अडकवायची बारीक दोरी तोकडी ठेवा: शेपटीच्या कडेवर लीशची रुंद पट्टी टेकली पाहिजे, ही दोरी नाही. नाहीतर दोरी कडेत करवतीसारखी घुसते. पायाच्या पट्ट्याच्या वेल्क्रोत वाळू बसली की पकड जाते, म्हणून रोज गोड्या पाण्याने धुवा.

फोमचा बोर्ड लाटेपेक्षा उन्हाने जास्त मरतो. बंद गाडीत किंवा तापल्या वाळूवर ठेवला की आतली हवा फुगते आणि वरचा थर सुटतो. सावलीत, आडव्या मांडणीवर ठेवा. पुढे कडक बोर्ड घ्याल तेव्हा एक लक्षात असू द्या: आतला गाभा थर्माकोलच्या जातीचा असेल तर दुरुस्तीला पॉलिएस्टर रेझिन लावू नका, गाभा विरघळून खड्डा पडतो. इपॉक्सीच वापरा. आणि भेग बुजवण्याआधी ती खाली करून बोर्ड पूर्ण वाळवा. ओल आत कोंडली की पुढच्या उन्हात फुगवटा ठरलेला.

दांडा:
वरचं सगळं पटलं. एक भर घालतो, कारण व्यवसाय दहा वर्षांचा धरत असाल तर हे आधी बघावं लागतं: लाट पाण्याने येते, पण तिला आकार तळ देतो. स्पेनमधल्या मुंडाकाची प्रसिद्ध लाट नदीमुखाशी साचलेल्या वाळूवर उभी होती. २००३ मध्ये तिथला गाळ उपसला गेला, दांडा मोडला, लाट बिघडली आणि २००५ ची जागतिक मालिकेतली स्पर्धा रद्द झाली. वाळू पुन्हा साचल्यावर लाट परतली. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाची वाळू पंपाने पलीकडे टाकायला लागले तेव्हा उलटं झालं: स्नॅपर रॉक्सपाशी लांबलचक नवा दांडा तयार झाला, पण जवळच्या किरा किनाऱ्याची जुनी लाट वाळूखाली गेली.

म्हणून जवळपास बंदर, बंधारा किंवा गाळउपशाचा आराखडा आहे का ते चौकशी करून बघा. ताहितीतल्या तेआहुपो येथे २०२४ च्या ऑलिंपिकसाठी पंचांचा नवा मनोरा उभारायचं ठरलं तेव्हा प्रवाळाला धक्का लागेल म्हणून स्थानिकांनी विरोध केला आणि मनोऱ्याचा आराखडा आटोपशीर करावा लागला; तरी पुढे चाचणीच्या वेळी प्रवाळाला धक्का लागलाच. जी लाट बघायला जग येतं तिचाच पाया प्रवाळाचा आहे, हे तिथल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पुळण:
म्हणजे आधी १५ दिवसांची नोंद, मग बोर्ड. एक शंका राहिली: कृत्रिम लाटांचे तलाव वाढताहेत, मग समुद्रावरची शाळा टिकेल का?

मतलई:
टिकेल. तलावात एकसारखी लाट पुन्हा पुन्हा मिळते, त्यामुळे एकच हालचाल घोटायला तो उत्तम. पण कुठली लाट घ्यायची, कुठे थांबायचं, पाणी कुठे ओढतंय हे तिथे शिकता येत नाही, आणि समुद्रात उतरणाऱ्याला नेमकं तेच लागतं. तलाव बांधायला आणि चालवायला भांडवल आणि वीज दोन्ही प्रचंड लागतं, त्यामुळे तुमच्याशी थेट स्पर्धा नाही. उद्या ओहोटीला पहिली नोंद सुरू करा. रकाने: वेळ, वारा, आवर्तनकाळ, फुटण्याची जागा, फेसाचं अंतर, रिपची जागा.