मुदत संपलेल्या केसेस आणि आपण: जपानी डिटेक्टिव्ह सिरियल्सचे अनुभव सांगा

पागोळी:
धागा काढायचं कारण म्हणजे परवा आमच्या घरी झालेलं भांडण. मी पुण्यात जपानीचा क्लास करते, एन४ची परीक्षा तोंडावर आहे, आणि कान तयार व्हावा म्हणून 'जिको केइसात्सु' बघायला घेतली. २००६ची सिरियल आहे, जो ओदागिरी हिरो. 'जिको' म्हणजे गुन्ह्याची मुदत संपणं. जपानमध्ये तेव्हा खुनालासुद्धा मुदत होती, तेवढी वर्षं सापडला नाही की खुनी सुटला! तर हा किरियामा नावाचा पोलीस अशा मुदतबाह्य केसेसच्या फायलींच्या डिपार्टमेंटला कारकुनी करत असतो आणि छंद पाहिजे म्हणून, हो छंद, कुणी स्टॅम्प जमवतं तसा, सुट्टीच्या दिवशी त्या केसेस सोडवत बसतो. सोबत मिकाझुकी नावाची ट्रॅफिकवाली पोलीस, तिचा याच्यावर जीव आणि याला पत्ता नाही (मिकाझुकी म्हणजे चंद्रकोर, किती गोड आडनाव!). शेवटी खुनी कबूल झाला की किरियामा त्याला अटक करत नाही, करूच शकत नाही. एक कार्ड देतो, त्यावर लिहिलेलं असतं 'कुणालाही सांगणार नाही' आणि खाली स्वतःचा शिक्का.

नवरा दोन एपिसोड बघून म्हणाला, शिक्षाच होणार नाही तर शोधून उपयोग काय? झालं, तिथून जे सुरू झालं ते कुकरच्या तीन शिट्ट्या जास्त होईपर्यंत. मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही अशा सिरियल्स बघितल्या असतील आणि बघताना स्वतःचं काही आठवलं असेल तर लिहा. स्पॉयलर असेल तर आधी सांगायचं, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.

निशीकासाईकर:
टोकियोत सात वर्षं झाली. ही सिरियल मला ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सीनियरने सांगितली. इथे पोलीस चौकीबाहेर वाँटेडची पोस्टर्स असतात, नवीन आलो तेव्हा वाटायचं ताज्या केसेस असतील. मग एकदा तारीख वाचली. टोकियोतलंच सेतागाया, डिसेंबर २०००, एका घरातली चार माणसं मारलेली, खुनी त्यांच्या घरात बराच वेळ थांबला, बोटांचे ठसे आहेत डीएनए आहे, तरी अजून सापडला नाही. बक्षीस दोन कोटी येन. मी रोज त्या पोस्टरसमोरून कोंबिनीत (म्हणजे कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये) कॉफी आणायला जातो.

पूर्वी खुनाची मुदत १५ वर्षं होती, २००५ पासून २५ केली, आणि २७ एप्रिल २०१० ला काढूनच टाकली, त्याच दिवसापासून लागू. कारण १९९५ची कुराशिकीतल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या खुनाची केस त्याच रात्री बारा वाजता मुदतबाह्य होणार होती. पण ज्यांची मुदत आधीच संपली होती ते सुटले ते सुटलेच. म्हणून २०१९ला किरियामा परत आला तेव्हाही त्याच्या छंदाला जुन्या केसेस शिल्लक होत्या. योगायोग बघा, 'झेत्ताई रेइदो' ही थंड पडलेल्या केसेसवरचीच दुसरी सिरियल नेमकी त्याच एप्रिल २०१० मध्ये सुरू झाली.

सीनियरला विचारलं तुमच्या लहानपणची केस कुठली, तर तो एकदम खुलला. १९६८, फुचू, खोटा पोलीस मोटरसायकलवरून येतो, बँकेची गाडी थांबवतो, खाली डायनामाइट आहे सांगतो, धूर काढतो, सगळे उतरून पळतात आणि हा गाडी घेऊन जातो, ३० कोटी येन! ७ वर्षांनी मुदत संपली. सीनियर म्हणे आमच्या वर्गात सगळ्यांना मोठेपणी तोच व्हायचं होतं.

हवालदाराची लेक:
माझे वडील ३१ वर्षं पोलिसात, शेवटी तालुक्याच्या ठिकाणी हवालदार. त्यांना मी 'सिग्नल' दाखवली, म्हणजे जपानी, २०१८ची, मूळ कोरियन आहे आणि हिंदीत 'ग्यारह ग्यारह' नावाने आली ती. रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी जुना वॉकीटॉकी वाजतो आणि भूतकाळातला पोलीस बोलतो. बाबा म्हणाले आमचा वायरलेस चालू काळातलं पण धड ऐकवायचा नाही.

पण ते फायलींचं कपाट दाखवतात ना, तिथे मात्र ते गप्प झाले. मग सांगायला लागले. आपल्याकडे गुन्हा खरा आहे पण तपास लागत नाही म्हटलं की 'अ समरी' पाठवायची कोर्टाला. तक्रार खोटी निघाली तर ब. गैरसमजातून झालेली, धड खरी ना खोटी, तर क. अ झाली म्हणजे केस मेली असं नाही, काही सापडलं तर परत उघडता येते, खुनाला आपल्याकडे मुदत नाहीच. "मुदत आम्हाला असते, अठ्ठावन्न." त्यांची एक अ समरी होती, विहिरीत सापडलेली बाई, ओळखच पटली नाही. तीन जिल्ह्यांत फोटो फिरवला. बाबांना तिच्या पायातल्या जोडव्यांची नक्षी अजून काढून दाखवता येते, पेपरच्या मार्जिनमध्ये काढली पण त्यांनी. आईने तो पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत टाकला नाही एवढं माझ्या लक्षात आलं.

झोपाळू बोका:
शिव्या घालू नका, पण मला झोप आली. लहानपणी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' बघून मोठे झालेलो आम्ही, अर्ध्या तासात आरोपी आत पाहिजे. या जपान्यांच्यात निम्मा वेळ लोक नूडल्सच खातात. 'केइझोकु' (१९९९) मात्र आवडली, त्यातली हुशार बाई डोकं कधी धूत नाही आणि मधेच साळसूदपणे म्हणते, अहो, मला खुनी कळलाय. बाकी जागरण करण्याएवढं काही नाही.

पागोळी:
बोकोबा, नूडल्सबद्दल काही बोलायचं नाही. मुदतीवरून खरी केस सांगते, क्लासच्या सेन्सेईंनी (शिक्षकांनी) सांगितलेली. मात्सुयामात १९८२ला एका बाईने खून केला, चेहरा ऑपरेशन करून बदलला आणि पळत राहिली. १९९७ला फुकुईत पकडली, बिअरच्या बाटलीवरच्या ठशांवरून, मुदत संपायला २१ दिवस उरलेले असताना. एकवीस! मी रात्रभर तिच्याच बाजूने दिवस मोजत होते आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दादरची सून:
मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. हे कुणाला सांगितलेलं नाही, आयडी खोटा आहे म्हणून लिहितेय.

१९९६ला नणंदेच्या लग्नात कार्यालयातून सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. चार तोळ्यांच्या. तक्रार झाली, काही निघालं नाही. संशय कामाला आणलेल्या मुलीवर गेला, तिला दोन दिवस चौकीत बसवलं, मग सोडली, पण ती आमच्या गल्लीत परत कधी दिसली नाही. गेल्या वर्षी आत्याबाईंची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून सामान आवरायला मी गेले होते. पत्र्याच्या डब्यात सोनाराची गहाणाची पावती सापडली. पाटल्या दोन, वजन, आणि तारीख लग्नानंतर आठवड्याची.

आत्याबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्या वर्षी त्यांच्या मिस्टरांची गिरणी बंद होती हे मला माहीत होतं. त्या समोरच बसून पेपरात कपबश्या गुंडाळत होत्या, म्हणाल्या काय गं ते? मी म्हटलं जुनी लाइटची बिलं. पावती परत डब्यात ठेवली. महिन्याभराने मुलाने ही सिरियल लावली आणि ते कार्ड आलं, मी उठून ओट्यापाशी गेले. मला आत्याबाईंचं काही नाही, मला त्या मुलीचं वाटतं. तिचं नाव पण नीट आठवत नाही, सगळे 'ती' म्हणायचे.

निशीकासाईकर:
ताई, घर पाडण्यावरून आठवलं. इथे आदाचीमध्ये शाळेच्या रखवालदाराने १९७८ला एका शिक्षिकेला मारून स्वतःच्या घराखाली पुरलं होतं. २६ वर्षं तो त्याच घरात. २००४ला तो भाग नव्याने आखायचा म्हणून घर पाडायची वेळ आली तेव्हा स्वतःच पोलिसांत गेला. मुदत केव्हाच संपलेली, शिक्षा शून्य. शिक्षिकेच्या घरच्यांनी भरपाईचा दावा लावला, २००९ला सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. पण तोवर एवढी वर्षं त्यांना ती बेपत्ता आहे एवढंच माहीत होतं.

हवालदाराची लेक:
दादरच्या ताई, चौकीत बसवलं तर स्टेशन डायरीत कधीकधी नोंद असते असं बाबा म्हणतायत. एवढं जुनं रेकॉर्ड मिळेल का, याची खात्री ते देत नाहीत. पण पोलीस स्टेशन कुठलं ते आठवत असेल तर मला निरोप करा, ते विचारून बघतो म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांना छंद नव्हताच काही.

पागोळी:
दादरची सून, तुमचं सगळं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, चहा गार केला. मग म्हणाला, पण आत्याबाईंनी पाटल्या सोडवल्या का नंतर?