आफ्रिकेतली मिशनरी जोडपी : तुम्ही काय पाहिलंत?

कामानिमित्त आफ्रिकेत राहून आलेली बरीच मंडळी इथे आहेत. जुन्या मिशनच्या गावी गेलं की साहेबाचं नाव आपोआप कानावर येतं. बाईने काय केलं ते मात्र विचारून घ्यावं लागतं. गेला असाल तर लिहा. ऐकीव नको. धर्मांतरावर वाद घालायचा तर खुशाल घाला, पण पाहिलेल्याला धरून.

काथू, दक्षिण आफ्रिका

मी खाणीवर होतो. रविवारी जायला जवळचं कुरुमानचं जुनं मिशन सोडून दुसरं काही नव्हतं. तिथला मिशनरी रॉबर्ट मॉफट मूळचा स्कॉटलंडचा माळी. मेरी स्मिथच्या आईवडिलांनी आधी नकार दिला, म्हणून तो एकटाच आला. 1819मध्ये ती मागाहून जहाजाने केपटाउनला पोचली, तिथेच लग्न लागलं. मधली एक इंग्लंडवारी सोडली तर 1870पर्यंत दोघं आफ्रिकेतच.

छापखान्याचं यंत्र अजून आहे. 1831मध्ये ते केपहून आणलं. तिथल्या सेत्स्वाना भाषेतलं बायबल 1857मध्ये इथेच पुरं झालं. ते काम त्याचं. दहा बाळंतपणं, आला-गेला, आणि नवरा महिनोन्‌महिने बाहेर, हे सगळं तिचं.

तिचं एक पत्र आहे. घरची जमीन आठवड्यातून एकदा शेणाने सारवतो, आधी किळस वाटायची, आता शनिवार कधी येतो असं होतं. धूळ बसते, पिसवा मरतात, वर हिरवा रंगही छान दिसतो! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आठवड्यातून एकदाच? कसं भागायचं तिचं?"

थोरली लेक मेरी, लिव्हिंग्स्टनची बायको. गरोदर असताना तो तिला मुलाबाळांसकट कलहारीतून घेऊन निघाला, तेव्हा सासूबाईंनी जावयाला पत्रातून चांगलंच फैलावर घेतलं. जगाला तो महान संशोधक, यांना बेजबाबदार जावई. मी सासूबाईंच्या बाजूने.

बुलावायो, झिम्बाब्वे

सगळं खरं, पण पुढचंही सांगा की. मॉफट आणि इथल्या एन्डेबेले लोकांचा राजा मझिलिकाझी यांची दोस्ती जगजाहीर. त्या विश्वासाच्या पुण्याईवर 1888मध्ये मॉफटचा मुलगा जॉन याने मझिलिकाझीच्या मुलाकडून, लोबेन्गुलाकडून, करारावर संमती घेतली : ब्रिटिशांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणी नाहीत. पाच वर्षांत राज्य बुडालं. इथे शिकवताना माझे एन्डेबेले सहकारी मॉफट हे नाव घेताना हसायचे, ते हसू काही प्रेमाचं नव्हतं.

काथू

मान्य. जॉनचं पुढे ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सशी बिनसलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मोंबासा, केनिया (माहेर नाशिक)

शरणपूर रोडवरून रोज कॉलेजला जायचे, पण ही गोष्ट मला इथे मोंबासाजवळच्या रबईला कळली. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली काही नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे त्यातलेच. 1864मध्ये ते आपापल्या बायकांना घेऊन रबईला गेले आणि तिथलेच झाले. मिशनरी जोडपं म्हटलं की डोळ्यांपुढे गोरंच का येतं? पुढे मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वस्ती झाली तिला नाव फ्रेअरटाउन, म्हणजे आपल्या मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर. तिथली घंटा अजून आहे. माझी मॅटाटू (इथली मिनीबस) रोज तिच्यावरून जाते.

आदिस अबाबा, इथिओपिया

रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅम्लिन. दोघं डॉक्टर आणि श्रद्धाळू ख्रिस्ती, पण 1959मध्ये आले ते तीन वर्षांच्या सरकारी करारावर. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला भोक (फिस्टुला) पडून सतत लघवी गळणाऱ्या बायका पाहिल्या आणि राहिलेच. 1974मध्ये फिस्टुला हॉस्पिटल उघडलं. तो 1993मध्ये गेला, ती 2020मध्ये. मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, तरी तिथे गेल्यावर गप्प झाले. त्यांची पेशंट मामितू गाशे, शाळेचं तोंड न पाहिलेली, पुढे तिथेच ही शस्त्रक्रिया करायला लागली आणि परदेशी सर्जनना शिकवायलाही. कुणी तिला काम करताना पाहिलं असेल तर सविस्तर लिहा, मला हवंय.