औरंगजेबाचा सुवर्ण दरबार

जर्मन कारागीर डिंगलिंगर म्हणजे राजा सांगेल ते घडवणारा दरबारी सोनार, असं एक मत वाचलं, पण ते अर्धंच पटलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधलं त्याचं सर्वांत गाजलेलं काम, म्हणजे औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दिल्ली दरबाराची सोन्यारत्नांची छोटी प्रतिकृती, त्याने कोणी न सांगता हाती घेतलं. १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं त्यात गेली. मीनाकाम गेओर्ग फ्रीडरिशचं, रत्नकाम गेओर्ग क्रिस्टोफचं. दोघेही डिंगलिंगरचे सख्खे भाऊ. सॅक्सनीचा राजा ऑगस्टस गिऱ्हाईक मिळाला म्हणून बरं, नाहीतर घरावर नांगरच फिरला असता!

यात आपल्याकडचा धागा कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आलाच नाही, सगळी भिस्त प्रवासवर्णनांवर. त्याचा बादशहा चांदीच्या पायऱ्यांवर, छत्राखाली ऐटीत बसलाय आणि खाली बोटाएवढे उमराव हत्ती, घोडे, उंट नजर करताहेत. आणि खरा औरंगजेब? दिल्ली सोडून वीस वर्षं झालेली, पन्हाळा, सिंहगड, तोरणा करत म्हातारा तंबूंत दिवस काढत होता. १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, तेव्हा तिकडे ड्रेस्डेनमध्ये हा दरबार पुराही झाला नव्हता.